एका माणसाच्या खांद्यावरून अनेकांच्या हातात: निवृत्तांच्या अभ्यासवर्गात बदल कसा घडवावा

सांगली, मिरज, विश्रामबाग, माधवनगर या पट्ट्यात निवृत्त माणसांनी निवृत्त माणसांसाठी चालवलेले वर्ग बरेच आहेत. कुठे ज्येष्ठ नागरिक संघाच्या खोलीत गीतावाचन चालतं, कुठे वाचनालयात इतिहासाचा गट बसतो, कुठे सोसायटीच्या हॉलमध्ये मोबाईल शिकवतात, कुठे मंदिराच्या सभामंडपात संस्कृत. वर्गणी नावापुरती असते आणि शिकवणाऱ्याला मानधन नसतं. बहुतेक ठिकाणी हा सगळा गाडा एक माणूस, फार तर एक जोडपं, वर्षानुवर्षं ओढत असतं.

मग कधीतरी त्या माणसाचं गुडघ्याचं ऑपरेशन निघतं किंवा मुलगा पुण्याला घेऊन जातो, आणि वर्ग थांबतो. मागे राहिलेले हळहळतात, "कोणी पुढेच येत नाही हो." हे वाक्य मी बऱ्याच बैठकांत ऐकलं आहे आणि मला ते पटत नाही. माणसं पुढे येत नाहीत, कारण नेमकं काय करायचं हे त्यांना कुणी सांगू शकत नाही. सगळं काम एकाच्याच डोक्यात असतं. ते अख्खं उचलायला सत्तरीतला कुणीही कचरणारच. तेच काम सुटं करून समोर ठेवलं, तर मागच्या रांगेत गप्प बसणाऱ्या ताईही म्हणतात, "एवढंच ना? करते की मी."

पुढे लिहिलेलं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे. अध्यक्ष-सचिव बदलणं हा त्यातला सगळ्यात सोपा आणि सगळ्यात कमी कामाचा भाग.

आधी थोडं मागचं

निवृत्तांच्या शिक्षणाची जगभर दोन रूपं दिसतात. १९७३ साली फ्रान्समधल्या तुलूझ शहरात पिएर वेलास यांच्या पुढाकाराने 'तिसऱ्या वयाचं विद्यापीठ' सुरू झालं. ते खऱ्याखुऱ्या विद्यापीठाला जोडलेलं होतं. शिकवायला प्राध्यापक आणि ऐकायला ज्येष्ठ, अशी रचना. १९८२ च्या सुमारास ही कल्पना ब्रिटनमध्ये पोचली तेव्हा पीटर लॅस्लेट, एरिक मिडविंटर आणि मायकल यंग यांनी तिला वेगळं वळण दिलं. ज्याला जे येतं ते त्याने इतरांना शिकवायचं, सगळे सभासद, पदवीची अट नाही, मानधन नाही.

आपले सांगली-साताऱ्याचे वर्ग या दुसऱ्या घरातले आहेत. आणि हे काही आपल्याला नवखं नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये तिचं ठाणं साताऱ्याला हलवलं. तिथल्या बोर्डिंगात मुलं स्वयंपाकापासून झाडलोटीपर्यंतची कामं वाटून घेत होती, आणि ती वाटणी शिक्षणाचाच भाग मानली जात होती. आपल्या भागातल्या किती तरी निवृत्त शिक्षकांची उभी हयात रयतेत गेली आहे. त्यांना कामाची वाटणी समजावून सांगावी लागत नाही, आठवण करून दिली तरी पुरते.

स्वयंसेवी वर्गात कुणी कुणाचा साहेब नसतो. पगार नाही, बदली नाही, मेमो नाही. त्यामुळे कारखान्यात किंवा बँकेत जसं परिपत्रक काढून बदल होतो तसा इथे होत नाही. ज्याला पटणार नाही तो पुढच्या बुधवारी येणारच नाही. म्हणूनच पुढचा क्रम थोडा सावकाश वाटेल. तो तसाच ठेवा.

महिनाभर एक वही भरा

पहिल्या महिन्यात काहीही बदलू नका. वर्ग चालवणाऱ्या माणसाबरोबर राहून ते जे जे करतात ते एका वहीत लिहा. त्यांना विचारून लिहायचं नाही, पाहून लिहायचं. विचारलं तर चार कामं सांगतील, कारण उरलेली त्यांना स्वतःलाच कामं वाटत नाहीत.

एका बुधवारची नोंद साधारण अशी होते:

मंगळवारी रात्री आठला व्हॉट्सॲपवर निरोप. साधा फोन असलेल्यांना वेगळे फोन. वक्त्यांना आठवण, त्यांना स्कूटरवरून आणायला कोण जाणार ते ठरवणं. बुधवारी तीनला वॉचमनकडून किल्ली. कडी जरा वर उचलली तरच कुलूप निघतं. खिडकीकडचा पंखा लावायचा नाही, तो खडखडतो आणि मागच्यांना ऐकू जात नाही. हाताच्या खुर्च्या दाराजवळ, कारण गुडघे दुखणाऱ्यांना उठताना टेकायला लागतं. माईकचे जादा सेल पिशवीत. साडेचारला समोरच्या टपरीवर चहा सांगणं, त्यातले काही बिनसाखरेचे. हजेरी. वर्गणी आली असेल तर पावती. वर्ग संपल्यावर पंखे-दिवे, किल्ली परत. रात्री, सलग दोन आठवडे न आलेल्यांच्या घरी फोन: "काय, तब्येत बरी आहे ना?"

ही यादी पुन्हा वाचा. वर्ग टिकवून ठेवणारं काम शेवटच्या ओळीत आहे. कुठल्याही संस्थेच्या नियमावलीत ते लिहिलेलं नसतं, आणि नवी समिती आली की पहिलं तेच गळतं. त्या फोनमुळे किती तरी माणसं आजारपणानंतर परत आलेली असतात. नव्या लोकांना वाटतं, व्हॉट्सॲपवर सगळ्यांना निरोप जातोय, मग वेगळा फोन कशाला? तीन महिन्यांनी हॉल अर्धा रिकामा दिसतो आणि कारण कुणालाच कळत नाही.

महिना संपला की वहीतल्या प्रत्येक कामापुढे तीन गोष्टी लिहा: किती वेळ जातो, करायला काय माहीत असावं लागतं, आणि हे आणखी कुणाला येतं का. ज्या ओळीसमोर तिसऱ्या रकान्यात "कुणाला नाही" असं येईल, तिथे लाल खूण करा. या लाल खुणा म्हणजे तुमच्या बदलाची खरी कार्यक्रमपत्रिका.

न येणाऱ्यांशी बोला

वर्गाला नियमित येणाऱ्यांना "काय बदल हवा?" असं विचारलं तर उत्तर ठरलेलं: "छान चाललंय, असंच चालू द्या." त्यांना जे हवं ते मिळतंय म्हणूनच ते येतात. खरी माहिती येणं बंद केलेल्यांकडे असते. हजेरीपटातून गेल्या वर्षा-दोन वर्षांत गळलेली नावं काढा आणि एकेकाशी बोला. छापील प्रश्नावली पाठवू नका. त्यात लोक चांगलं चांगलं लिहितात. फोनवर किंवा घरी जाऊन, चहा घेता घेता विचारा, आणि मधे बोलू नका.

कारणं बहुतेक साधी निघतात. जिना चढवत नाही. ऐकू येत नाही, आणि पुन्हा पुन्हा "काय म्हणाले?" असं विचारायला संकोच वाटतो. चारला नातवाची शाळा सुटते. तासगावहून येणाऱ्याला संध्याकाळी परतीची गाडी लवकर गाठायची असते. एसटीचं भाडं हा आता पूर्वीइतका अडसर राहिलेला नाही. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्यांना एसटी मोफत आहे, ६५ ते ७५ मधल्यांना अर्धं तिकीट आहे, आणि मार्च २०२३ पासून सगळ्याच महिलांना अर्धं तिकीट आहे. म्हणजे प्रश्न पैशाचा कमी आणि वेळेचा जास्त. वर्गाची वेळ अर्ध्या तासाने अलीकडे घेतली तर आसपासच्या गावातली चार माणसं परत येऊ शकतात. असा बदल फुकट असतो आणि त्यावर कुणी भांडत नाही. सुरुवात अशाच बदलापासून करावी.

काही उत्तरं मात्र झोंबतात. "तिथे तीच तीन माणसं बोलतात." "मी एकदा प्रश्न विचारला तर सर हसले." ही उत्तरं नाव न घेता वहीत टिपून ठेवा. शिकवण्याच्या पद्धतीत बदल करायची वेळ येईल तेव्हा ती लागतात.

संस्थापकांशी बोलणं

हा सगळ्यात नाजूक भाग. तो इथे नीट झाला नाही तर पुढचं सगळं कागदावरच राहतं.

ज्यांनी वर्ग उभा केला त्यांना आधी न सांगता सभेत विषय काढू नका. बाहेर कितीही गोड भाषेत मांडलं तरी त्यांना ते आपल्या पाठीमागे शिजलेलं कारस्थानच वाटेल. त्यांच्या घरी जा. एकच माणूस जावा, फार तर दोघं, आणि त्यातलं एक त्यांच्या जवळचं असावं. भरलेली वही बरोबर न्या. माझ्या अनुभवात या वहीने जे साधतं ते कुठल्याही भाषणाने साधत नाही. आपण केलेलं सगळं काम पहिल्यांदाच कुणीतरी पाहिलं आणि लिहून काढलं, हे त्या माणसाला पानापानावर दिसतं.

बोलणं साधारण असं असू द्या:

"सर, तुम्ही सोडावं असं म्हणायला मी आलेलो नाही. हे बघा, महिन्याभरात तुम्ही एवढी कामं करता. यातली किल्ली, खुर्च्या, चहा एवढं आम्ही दोघं बघतो. तुम्ही फक्त पहिले दोन बुधवार आम्हाला दाखवा."

"आणि मी काय करू?"

"न आलेल्यांना फोन तुम्हीच करायचे. तुमचा फोन गेला की माणूस येतो. आमचा गेला तर 'बघू' म्हणतो."

यात दोन गोष्टी सांभाळल्या आहेत. काढून घेतलं ते कष्टाचं काम, मानाचं नव्हे. आणि ठेवलं ते खरं काम आहे, नुसतं नाव नाही. "आजपासून तुम्ही आमचे मार्गदर्शक" असं म्हणून कोपऱ्यातल्या खुर्चीत बसवणं त्या माणसाला लगेच कळतं, आणि लागतं.

सत्काराबद्दल आग्रहाने सांगतो. शाल-श्रीफळाची घाई करू नका. आपल्याकडे सत्कार म्हणजे निरोप, हे प्रत्येक निवृत्त माणूस नोकरीच्या शेवटच्या दिवशी शिकलेला असतो. ज्याला अजून वर्गात यायचं आहे त्याच्या खांद्यावर शाल टाकली की पुढच्या आठवड्यात यायचं की नाही हा प्रश्न त्याच्यासमोर उभा राहतो. सत्कार करायचाच असेल तर बदल होऊन वर्ष गेल्यावर, वर्गाच्या वर्धापनदिनी, आणखी चार जणांबरोबर करा.

संस्थापक बाई असतील तर आणखी एक अडचण येते. त्यांचं पुष्कळसं काम घरातून झालेलं असतं: वक्त्यांना जेवायला बोलावणं, कुणाच्या घरी दुःख झालं तर भेटून येणं, हिशेबाची वही फडताळात ठेवणं. ते वहीत येतच नाही. त्यांच्याशी बोलताना घरच्या कामांची वेगळी उजळणी करा.

काम सुटं करा आणि जोड्या लावा

आता वहीतली कामं अशा तुकड्यांत बांधा की कुठलाही तुकडा आठवड्याला दोन तासांच्या वर जाणार नाही. साधारणपणे हॉल आणि मांडणी, निरोप आणि फोन, वक्ते आणि विषय, हिशेब, माईक आणि मोबाईलची तांत्रिक बाजू, नव्या माणसाचं स्वागत, असे पाच-सहा तुकडे पडतात. तुमच्याकडे वेगळे पडतील. वहीवर विश्वास ठेवा.

प्रत्येक तुकड्याला दोन माणसं. या वयात हे सौजन्य म्हणून नाही, गरज म्हणून करायचं. मोतीबिंदूचं ऑपरेशन असतं, मुलीचं बाळंतपण असतं, चारधाम असतं. एकटा माणूस गेला की काम थांबतं. जोडीतला एक गेला की दुसरा बघतो. जोडी लावताना एक जुना आणि एक नवा घ्या. नवराबायको एकाच तुकड्यात नकोत, कारण ती दोघं गावाला एकत्रच जातात.

माणसं मागताना सभेत "कोण कोण पुढे येतंय?" असं विचारू नका. सगळे शेजाऱ्याकडे बघतात. ज्याला मागायचं त्याला बाजूला घेऊन मागा, आणि चार गोष्टी स्पष्ट सांगा: काम कोणतं, आठवड्याला किती वेळ, कोणाबरोबर, आणि कधीपर्यंत. शेवटची सगळ्यात महत्त्वाची. "कधीपर्यंत" नसलं की माणसाला वाटतं, एकदा हो म्हटलं की मरेपर्यंत सुटका नाही, आणि त्याच्यासमोर असलेलं उदाहरण नेमकं तसंच असतं. दिवाळीपासून गुढीपाडव्यापर्यंत, असा सणाचा मुक्काम द्या. सणांच्या तारखा कुणी विसरत नाही.

आणखी एक निरीक्षण. वर्गाला बायका निम्म्याहून जास्त असतात आणि समितीत एखादीच असते, तीही चहापाण्याकडे. बचतगट चालवलेली, पोस्टाची एजन्सी केलेली, चाळीस वर्षं घरचा पै न पै हिशेब ठेवलेली बाई तुमच्या मागच्या रांगेत बसलेली आहे. तिला हिशेब द्या. पुरुषांकडे चहा द्या, त्यांनाही जमतो.

कधी सुरू करायचं

सांगलीत जुलै-ऑगस्ट हे महिने कुठल्याही नव्या गोष्टीच्या कामाचे नाहीत. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं होतं. त्या पुरात दीडशे वर्षं जुन्या सांगली नगर वाचनालयातली हजारो पुस्तकं भिजून गेली. गावभागात किंवा नदीकाठच्या वस्तीत तुमचा वर्ग असेल तर कामवाटणीच्या वहीत पुराचं एक पान आत्ताच घाला: ४० फुटांची बातमी आली की वर्ग बंद, कोण कोणाला फोन करणार त्याची साखळी, एकट्या राहणाऱ्यांची वेगळी यादी, आणि हजेरीपट, पावतीपुस्तकं, इतिवृत्त कुणाच्या वरच्या मजल्यावर न्यायची. या कागदांचे फोटो काढून तिघांच्या मोबाईलमध्ये ठेवा.

मे महिना नातवंडांचा. दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस फराळाचे. उरतो दिवाळीनंतर ते मार्चपर्यंतचा काळ. हवा बरी असते, माणसं गावात असतात. नव्या जोड्यांना काम सोपवायचं ते तेव्हाच.

पहिल्या मोसमात वर्गाचा एकच दिवस नव्या पद्धतीने चालवा. आठवड्यात दोन वर्ग असतील तर एक जसाच्या तसा राहू द्या. दोन्ही एकदम बदलले आणि काही बिनसलं, तर लोकांना बसायला जागाच उरत नाही.

शिकण्याची पद्धत बदलताना

कारभार वाटला गेला की पुढचा प्रश्न येतो: दर आठवड्याला बाहेरचा वक्ता आणणं किती दिवस जमणार? व्याख्यानांवर चाललेला वर्ग वक्त्यांच्या वेळेवर जगतो. आणि गळलेल्यांनी सांगितलेलं "तीच तीन माणसं बोलतात" हे दुखणं व्याख्यानाने बरं होत नाही.

पण व्याख्यानं बंद करू नका. अनेकांना ऐकायलाच आवडतं, आणि त्यात गैर काही नाही. त्याच्या बाजूला महिन्यातून एकदा सभासदाचं सत्र सुरू करा. वीस मिनिटं, एकच विषय, स्वतःच्या कामातला. मार्केट यार्डात नोकरी केलेल्या माणसाने हळदीच्या सौद्यांबद्दल आणि हरिपूरच्या पेवांबद्दल सांगावं. जमिनीत खोल खणलेल्या त्या पेवांत हळद वर्षानुवर्षं टिकायची. आत कसं उतरायचे, पेव कसं बंद करायचे, हे सांगू शकणारी माणसं आता विरळ होत चालली आहेत. मिरजेच्या तंतुवाद्य कारागिरांच्या शेजारी राहिलेल्या ताईंनी तंबोऱ्याच्या भोपळ्याबद्दल बोलावं. वीज मंडळातल्या निवृत्त वायरमनने घरातलं अर्थिंग कसं तपासून घ्यावं ते दाखवावं. नाटकाची आवड असेल त्याने विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथेच 'सीता स्वयंवर' कसं केलं, हे वाचून येऊन मांडावं.

सगळे म्हणतील, "मला काय बोलता येतंय?" त्यावर उपाय म्हणजे तयारी करून घेणं. आठवडाभर आधी त्यांच्या घरी बसून त्यांना विषय तुम्हाला एकट्याला सांगायला लावा. तुम्ही नुसते प्रश्न विचारा. जिथे त्यांचा चेहरा खुलतो तिथून सत्राची सुरुवात करा. हातात दाखवायला एक वस्तू द्या: जुनं पावतीपुस्तक, एखादं अवजार, फोटो. वस्तू हातोहात फिरली की लोक प्रश्न विचारतात आणि बोलणाऱ्याची भीती जाते. सत्र संपल्यावर लगेच चुका सांगू नका. आठवड्यानंतर, तेही त्यांनी विचारलं तर.

मोबाईल वर्गाबद्दल थोडं वेगळं. एकाने पुढे उभं राहून पन्नास जणांना शिकवणं तिथे निरुपयोगी आहे. तिघांमागे एक शिकवणारा हवा, आणि तो तरुण असायलाच हवा असं नाही. नुकतंच शिकलेला ज्येष्ठ जास्त चांगला शिकवतो, कारण कुठे अडतं ते त्याला ताजं आठवत असतं. पैशांचे व्यवहार शिकवताना खऱ्या खात्यावर सराव नको, आणि ओटीपी कुणालाही, शिकवणाऱ्यालासुद्धा, दाखवायचा नाही हा नियम पहिल्याच दिवशी.

कागद आणि पैसा

वर्ग नोंदणीकृत नसेल तर काम थोडक्यात आटोपतं. पैसे कुणा एकाच्या वैयक्तिक खात्यात किंवा एकाच्या क्यूआर कोडवर घेणं थांबवा. नोंदणी होईपर्यंत रोख आणि पावती ही जुनी पद्धत जास्त स्वच्छ आहे. हिशेब दोघांच्या सहीने, दर महिन्याला फळ्यावर. व्हॉट्सॲप गटाला किमान तीन ॲडमिन ठेवा. गट ज्याच्या हातात होता तो माणूस दवाखान्यात आणि गटात नवीन कुणाला घेताच येत नाही, असं व्हायला नको.

नोंदणीकृत संस्था असेल तर सावध राहा. महाराष्ट्रात अशी संस्था साधारणपणे संस्था नोंदणी अधिनियम, १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० या दोन्हींखाली येते. कार्यकारिणीत किंवा विश्वस्तांत बदल झाला की कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. हा अर्ज राहून गेलेल्या संस्था तुम्हाला आपल्या जिल्ह्यात कितीतरी सापडतील. कागदावर अजून वारलेलीच माणसं विश्वस्त असतात, आणि बँक नव्यांच्या सह्या मानत नाही. म्हणून आधी कागदावर सध्या कोणाची नावं आहेत ते पाहा, मग निवडणूक घ्या.

सभेची नोटीस तुमच्या नियमावलीत लिहिल्याप्रमाणे वेळेत द्या. हजेरी सह्यांसह, ठराव शब्दशः, सूचक-अनुमोदकांची नावं. बँकेत ठरावाची प्रत आणि नव्यांची ओळखपत्रं लागतात. सह्यांचे अधिकार तिघांना देऊन त्यांपैकी कोणत्याही दोघांच्या सह्या चालतील असं ठरवा.

संस्थेचा उद्देशच बदलायचा असेल, म्हणजे समजा फक्त गीतावाचनासाठी काढलेल्या संस्थेने आता सर्व विषयांचे वर्ग घ्यायचे, तर १८६० च्या कायद्यातलं कलम १२ लागतं. विशेष सभेची नोटीस दहा दिवस आधी, तीन-पंचमांश मतांनी मंजुरी, आणि महिन्याच्या अंतराने दुसऱ्या विशेष सभेत पुन्हा तीन-पंचमांशांनी शिक्कामोर्तब. इथे जाणकार वकिलाचा सल्ला घ्या. निवृत्त न्यायालयीन कर्मचारी तुमच्या सभासदांत असेल तर तो अर्धं काम आनंदाने करून देतो.

नाराजी आली तर

येणारच. ती ओळखायला शिका, कारण तिचे प्रकार वेगळे आणि उपायही वेगळे.

काहींना खरी अडचण असते: नव्या वेळेमुळे त्यांची औषधाची वेळ चुकते. तिचा मार्ग काढा. काहींना दुःख असतं. पूर्वीच्या वर्गात त्यांची बायको शेजारी बसायची. त्याच जागी, त्याच वेळी तोच वर्ग चालू राहणं हा त्यांचा आधार असतो. त्यांच्याशी वाद घालू नका आणि त्यांना पटवायलाही जाऊ नका. जवळ बसा, ऐका. बसायची जागा आणि सुरुवातीची प्रार्थना यांसारख्या दोन-तीन गोष्टी मुद्दाम जुन्याच ठेवा. कारभार कितीही बदलला तरी या गोष्टी धरून माणसं नव्यात रुळतात.

आणि मोजक्या काहींना अधिकार हवा असतो. "आम्हाला न विचारता केलं" हे त्यांचं पालुपद. त्यांना एखादा सुटा तुकडा द्या, मुदतीसह. बऱ्याच जणांचा आवाज काम हातात आल्यावर खाली येतो. तरीही कुणी गट घेऊन वेगळा वर्ग काढला तर आडवे जाऊ नका. विश्रामबागेत एक आणि मिरजेत एक असे दोन वर्ग झाले तर ज्येष्ठांना जवळ एक जास्तीची जागाच मिळते. त्यांच्या उद्घाटनाला जा.

तपासणी, आणि बंद करण्याचा पर्याय

तीन महिन्यांनी हजेरी मोजाल, ती मोजाच. पण त्याहून उपयोगाचे आकडे वेगळे आहेत. या काळात किती वेगवेगळ्या माणसांनी हॉल उघडला? किती सभासदांनी सत्र घेतलं? गळलेल्यांपैकी किती परत आले? पुढे संस्थापकांना मुद्दाम दोन आठवडे वर्गाला न येण्याची विनंती करा. त्या दोन बुधवारी त्यांना एकही फोन करावा लागला नाही, तर वाटणी जमली. करावा लागला, तर कशासाठी ते वहीत लिहा आणि तो धागा कुणाच्या तरी हातात द्या.

गुढीपाडवा आला की जोड्यांची मुदत संपते. त्याआधीच्या पंधरा दिवसांत प्रत्येक जोडीने आपल्या कामाचं एक पान स्वतःच्या शब्दांत लिहून द्यावं: काय करतो, कुठे अडतं, कोणाचा नंबर लागतो. पुढच्या जोडीला हेच पान मिळतं. जोडीतल्या एकाने राहावं, दुसऱ्याने बदलावं, म्हणजे काम पूर्ण नव्याच्या हाती कधीच पडत नाही.

एवढं करूनही दोन मोसमांत निम्मे तुकडे कुणी उचललेच नाहीत तर वर्ग सन्मानाने बंद करायला हरकत नाही. रखडत रखडत संपण्यापेक्षा तारीख जाहीर करून थांबणं सगळ्यांच्याच तब्येतीला बरं. नोंदणीकृत संस्था विसर्जित करायची तर तीन-पंचमांश सभासदांची मंजुरी लागते, आणि १८६० च्या कायद्यातल्या कलम १४ प्रमाणे उरलेली मालमत्ता सभासदांत वाटता येत नाही. ती दुसऱ्या संस्थेला द्यावी लागते. कपाट, माईक, खुर्च्या, पुस्तकं यांची यादी करून जवळच्या चालू वर्गाशी किंवा वाचनालयाशी आधीच बोलून ठेवा. आणि सभासदांची नावं, त्यांचा होकार घेऊन, त्या वर्गाच्या निरोप-फोनवाल्या जोडीला द्या, म्हणजे पुढच्याच बुधवारी प्रत्येकाला कुणाचा तरी फोन जाईल.